एकही टप्पा न जिंकता सात वेळा टूर दी फ्रान्स पूर्ण केली! कोण आहे हा जपानी ‘घरगडी’?

४ जुलै २०१२. उत्तर फ्रान्समधल्या आब्बेव्हिल गावातून टूर दी फ्रान्सचा चौथा टप्पा सुटला. सुरुवातीलाच तिघंजण मुख्य घोळक्यातून निसटले. दोघं फ्रेंच होते, दाविद मोंकुतिए आणि आंतोनी देलाप्लास. तिसरा होता जपानचा युकिया अराशिरो.

टप्पा होता २१४.५ किलोमीटरचा. म्हणजे पुण्याहून निघालात तर नाशिकच्या वेशीपर्यंत पोचाल एवढा. तिघांनी जवळपास सगळा रस्ता पुढे राहून काढला. आणि रूआँ शहर अगदी जवळ आलं तेव्हा मागच्या घोळक्याने त्यांना गिळलं. टप्पा जिंकला जर्मनीच्या आंद्रे ग्रायपलने. अराशिरो निकालाच्या यादीत कुठेतरी खाली गेला.

तरी संध्याकाळी बक्षीस घ्यायला तो मंचावर होता. त्या दिवसाचा ‘सर्वात झुंजार रायडर’ म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर नेहमीच्या पांढऱ्याऐवजी लाल नंबर होता.

आता प्रश्न असा, की आपण पकडले जाणार हे पहिल्या किलोमीटरपासून माहीत असताना कुणी दोनशे किलोमीटर पुढे का पळेल? आणि असं करून कुणाचं करिअर होतं का?

होतं. अराशिरोचं युरोपातल्या मोठ्या संघांमध्ये सलग १६ मोसमांचं झालं. २००९ ते २०२४. त्यात सात टूर दी फ्रान्स, आणि सातही शेवटपर्यंत. ग्रँड टूरचा टप्पा मात्र त्याने एकदाही जिंकला नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि आपल्याकडे अचानक सगळ्यांच्या फीडमध्ये सायकलिंग आलं. पेलोटॉन, प्रोलॉग, यूसीआय हे शब्द आले. त्यासोबत एक प्रश्नही आला, आपला माणूस टूर दी फ्रान्समध्ये कधी दिसणार? या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर जपानकडे बघावं लागतं. कारण सायकल, पैसा, खेळाडू, सगळं असूनही टूर दी फ्रान्सच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात जपानचे किती जण तिथे उतरले माहितीये? चार.

आधी खेळ समजून घेऊ

रोड सायकलिंग वैयक्तिक खेळ आहे असं आपल्याला वाटतं, कारण पिवळी जर्सी एकालाच मिळते. प्रत्यक्षात तो सांघिक खेळ आहे, आणि बराचसा हवेचा खेळ आहे.

ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवलं तर साधारण एक-तृतीयांश श्रम वाचतात. हायवेवर एसटीच्या मागे सायकल लावून चालवणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. (करू नका, धोकादायक आहे.) मोठ्या घोळक्याच्या पोटात तर याहून कितीतरी जास्त वाचतात. या घोळक्याला म्हणतात पेलोटॉन.

म्हणजे ज्याला जिंकायचंय त्याने दिवसभर वारा खायचा नाही. तो दुसऱ्या कुणीतरी खायचा. हा ‘दुसरा कुणीतरी’ म्हणजे डोमेस्टिक. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थच नोकर. आपल्या भाषेत सरळ घरगडी. जपानी लोक जरा सभ्य शब्द वापरतात, ‘असिस्ट’.

घरगड्याची कामं काय? मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, जर्सीत पाठीमागे, पोटाशी, खिशात मिळेल तिथे पाण्याच्या बाटल्या खुपसायच्या आणि पुन्हा जोर लावून घोळका गाठून वाटायच्या. लीडरचं चाक पंक्चर झालं आणि गाडी लांब असली तर स्वतःचं चाक काढून द्यायचं. वेळ पडली तर अख्खी सायकल. लीडर लघवीला थांबला तर त्याच्यासोबत थांबायचं आणि त्याला आपल्या मागे घेऊन परत घोळक्यात आणून सोडायचं. घाट सुरू व्हायच्या आधी त्याला पुढच्या पंधरा-वीस जणांत नेऊन ठेवायचं, कारण अरुंद रस्त्यावर मागे राहिलात की पडापडीत अडकलात. आणि हे सगळं करून झालं की आपलं आपण, ठरलेल्या वेळेच्या आत, डोंगर चढून मुक्कामाला पोचायचं. वेळेत नाही आलात तर दुसऱ्या दिवशी घरी.

निकालपत्रात यातलं काहीच दिसत नाही. तिथे दिसतं ‘११६ वा’.

मग त्या पळून जाण्याचा काय उपयोग? दोन-तीन आहेत. आपला एक गडी पुढे असला की मागे आपल्या संघाला पाठलागाचं काम करावं लागत नाही, ते दुसऱ्यांच्या डोक्यावर जातं. टीव्हीवर तासन् तास जर्सीवरचं प्रायोजकाचं नाव दिसतं, आणि छोट्या संघाचं पोट त्याच्यावर चालतं. आणि शंभरातून एखाद्या वेळी घोळक्याचा हिशेब चुकतो.

अराशिरोच्या बाबतीत तो एकदा चुकला होता. जिरो दी इतालिया २०१०, पाचवा टप्पा, नोव्हारा ते नोव्ही लिगुरे. तो पळून गेलेल्यांत होता आणि घोळक्याने पाठलाग उशिरा सुरू केला. मागून स्प्रिंटर अंगावर येत असताना जेरोम पिनोने टप्पा मारला. अराशिरो तिसरा आला. ग्रँड टूरच्या टप्प्याच्या विजयाला तो इतक्या जवळ परत कधी पोचला नाही.

बेटावरचा हँडबॉलपटू

युकिया अराशिरोचा जन्म २२ सप्टेंबर १९८४ चा, इशिगाकी बेटावरचा. नकाशात बघा, हे बेट ओकिनावा प्रांतात येतं, पण प्रांताची राजधानी नाहा तिथून चारशे किलोमीटरवर आणि तैवान त्याहून जवळ. टोकियो तर फारच लांब. समुद्र, ऊस, पर्यटक. शाळेत तो हँडबॉल खेळायचा.

शाळा संपल्यावर, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, तो फ्रान्सला गेला. शिनिची फुकुशिमा नावाचा एक जपानी रायडर तिकडे शर्यती करत होता, त्याच्या ओळखीने. कुठल्या सरकारी योजनेतून नाही, फेडरेशनच्या शिबिरातून नाही. एका सीनियरने ‘ये इकडे’ म्हटलं आणि पोरगं गेलं. आपल्याकडे गावातला एकजण दुबईला जातो आणि मग हळूहळू चौघांना बोलावतो, त्याच जातीची ही गोष्ट.

फ्रान्समध्ये हौशी सायकलिंगचं एक प्रचंड जाळं आहे. गावोगावी क्लब, जवळजवळ दर रविवारी शर्यत. तिथे पोरं बारा-तेराव्या वर्षापासून घोळक्यात चालवायला शिकतात. कोपराला कोपर लावून साठच्या वेगाने उतार उतरणं, वारा कुठून येतोय ते बघून जागा बदलणं, हे लॅबमध्ये शिकवता येत नाही. अराशिरोला हे सगळं उशिरा शिकावं लागलं, तेही परक्या भाषेत. २००७ मध्ये तो जपानचा राष्ट्रीय विजेता झाला आणि २००९ मध्ये त्याला ज्याँ-रेने बेर्नोदो यांच्या फ्रेंच संघाने घेतलं. तेव्हा त्या संघाचं नाव होतं बीबॉक्स बुइग टेलिकॉम, पुढे प्रायोजक बदलला आणि युरोपकार झालं.

त्याच वर्षी तो टूर दी फ्रान्समध्ये उतरला. दुसऱ्याच टप्प्यात, मोनाकोहून ब्रिन्योलला जाताना, घोळक्याच्या स्प्रिंटमध्ये तो पाचवा आला. पहिला होता मार्क कॅव्हेंडिश.

चार जपानी, शंभर वर्षं

त्या २००९ च्या टूरचं जपानमध्ये इतकं कौतुक का झालं, हे कळायला थोडं मागे जाऊ.

टूर दी फ्रान्समध्ये उतरलेला पहिला जपानी किसो कावामुरो. साल १९२६. पहिल्याच टप्प्यात शर्यत सोडली. १९२७ ला परत आला, परत पहिल्याच टप्प्यात सोडली. मग जवळजवळ सत्तर वर्षं कुणी नाही. १९९६ मध्ये दाइसुके इमानाका इटलीच्या पोल्टी संघातून उतरला, तो निम्म्याहून पुढे गेला, पण डोंगरांनंतर वेळेच्या मर्यादेबाहेर पडला आणि संपलं.

मग २००९ ला एकदम दोघं आले. बीबॉक्सचा अराशिरो आणि स्किल-शिमानोचा फुमियुकी बेप्पु. दोघंही पॅरिसला पोचले, बेप्पु ११२ वा आणि अराशिरो १२९ वा. टूर पूर्ण करणारे पहिले जपानी. वर बेप्पुने शेवटच्या दिवशी शाँझेलिजेवर पळून जाऊन झुंजार रायडरचं बक्षीसही मिळवलं.

बेप्पुला पुढे टूरमध्ये पुन्हा जागा मिळाली नाही, इतर मोठ्या शर्यती तो बारा वर्षं करत राहिला आणि २०२१ ला थांबला. अराशिरो मात्र २०१०, २०१२, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१७ ला परत परत आला.

या यादीत २०११ नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्या वर्षी संघाने त्याला टूरसाठी निवडलंच नाही. आणि नेमकं त्याच वर्षी संघाचा लीडर थोमा व्होक्लेर दहा दिवस पिवळ्या जर्सीत राहिला, एकूण चौथा आला, अख्खा फ्रान्स वेडा झाला. संघाच्या इतिहासातला सर्वात मोठा महिना आणि अराशिरो त्यात नव्हता. त्या मोसमात तो आशियाई विजेता होता बरं का. पण आशियाई विजेतेपद युरोपात कुणी विचारत नाही. कटू आहे, पण असं आहे.

पुढच्या वर्षी जो संघात परतला तो पाचव्या टप्प्यात लाल नंबर लावून फिरत होता. सुरुवातीला सांगितलेला तो रूआँचा टप्पा हाच. त्याच उन्हाळ्यात त्याने फ्रान्समधली टूर दू लिमूझँ ही चार दिवसांची शर्यत जिंकली. युरोपातलं त्याचं हे सर्वात मोठं विजेतेपद. मोठी शर्यत नाही. पण घरगड्याला एखाद्या आठवड्यात मालक होऊ दिलं तर तो काय करू शकतो, ते तिथे दिसलं. त्याआधी २०१० च्या जागतिक स्पर्धेतही दिसलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमध्ये तो नववा आला, जगातल्या सगळ्या मोठ्या नावांच्या गर्दीत.

मांडीचं हाड, आणि पाच महिने

२०१६ हे वर्ष वेगळं सांगायला हवं. तो लॅम्प्रे-मेरिडा या संघात नवा होता. फेब्रुवारीत कतारच्या शर्यतीत पडला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. सायकलस्वाराचं कॉलरबोन मोडणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की लोक दोन-तीन आठवड्यांत परत येतात. मांडीचं हाड वेगळं. सगळा जोर तिथूनच येतो.

मायदेशी टूर ऑफ जपानमध्ये त्याने पुनरागमन केलं आणि तिथे एक टप्पाही जिंकला. जुलैमध्ये तो टूर दी फ्रान्सच्या रांगेत होता. सहाव्या टप्प्यात, माँतोबाँच्या रस्त्यावर, चेक रायडर यान बार्तासोबत तो परत पळाला. परत पकडला गेला. जिंकला परत कॅव्हेंडिश. झुंजार रायडर परत अराशिरो.

हे वाचताना मजा वाटते, पण जरा आकडा बघा. फेब्रुवारीत मोडलेलं हाड, जुलैत दिवसभर पेलोटॉनच्या पुढे. मधे पाच महिने. आणि नव्या संघात, जिथे तुम्ही उपयोगी नाही असं वाटलं तर करार वाढत नाही.

कारण घरगड्याचे करार बहुतेक एक-दोन वर्षांचे असतात. त्याच्याकडे दाखवायला विजय नसतात. दाखवायला असतो फक्त लीडरचा शब्द, ‘हा मला पाहिजे’. २०१७ पासून तो बहरीनच्या संघात गेला आणि आठ मोसम राहिला. आठ वर्षं तुम्हाला कुणी दयेपोटी ठेवत नाही.

त्या संघाचं एक उदाहरण. जिरो दी इतालिया २०२१. बहरीनचा लीडर मिकेल लांडा पाचव्या टप्प्यात पडून बाहेर. सहाव्यात जिनो मेडरने टप्पा जिंकला. नवव्यात मातेय मोहोरिच उतारावर असा आपटला की सायकलचे दोन तुकडे झाले. आठ जणांच्या या पथकात अराशिरो होता. आता लीडर कोण? ३३ वर्षांचा दामियानो कारुसो, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच चालवलं होतं. हाच कारुसो शेवटचा डोंगराळ टप्पा जिंकून एकूण दुसरा आला. घरगड्यांच्या दुनियेत त्या जिरोची आठवण वेगळीच आहे. दोन वर्षांनी, जून २०२३ मध्ये, मेडर टूर दे स्वीसमध्ये उतारावरून दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. २६ वर्षांचा होता. या नोकरीत हेही आहे.

‘प्रायोजकाच्या कोट्यातला’ म्हणे

आशियाई रायडर युरोपात दिसला की एक कुजबुज कायम असते. त्याला कंपनीने बसवलंय. कुजबुज अगदीच हवेतली नाही. बेप्पुच्या संघाच्या नावातच शिमानो होतं. लॅम्प्रे आणि बहरीन दोघांच्या पाठीशी मेरिडा ही तैवानची सायकल कंपनी होती, जिला आशियातल्या बाजारात चेहरा हवाच असणार.

पण हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रायोजक फार तर एकदा दार उघडून देईल. २१ दिवसांच्या टूरला कुणाला न्यायचं हे संघाचे डायरेक्टर ठरवतात, आणि त्यांची नोकरी निकालावर असते. एक जागा वाया घालवणं त्यांना परवडत नाही. शिवाय नुसत्या प्रायोजकाच्या जोरावर हे होत असतं तर टूरमध्ये आज दहा जपानी दिसले असते. कारण शिमानो!

ओसाकाजवळच्या साकाइ शहरात १९२१ मध्ये ही कंपनी सुरू झाली. साकाइ म्हणजे लोहारांचं गाव, तिथे पूर्वी तलवारी आणि बंदुका बनायच्या. ती लोखंड घडवायची कला सायकलच्या सुट्या भागांत उतरली. आज टूरमधल्या बहुतेक संघांचे गिअर आणि ब्रेक शिमानोचे आहेत. २०२१ पासून टूरमध्ये कुणाचंही चाक बदलून देणारी ती तटस्थ मदतीची गाडीसुद्धा शिमानोची. म्हणजे सायकल जपानच्या भागांवर पळते, चालवणारा मात्र जपानी नसतो.

मग जपानचे सायकलस्वार जातात कुठे?

केइरिनमध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची शहरं बेचिराख झाली होती. नगरपालिकांकडे पैसे नव्हते. १९४८ मध्ये कोकुरा शहरात सायकलींची शर्यत सुरू झाली आणि तिच्यावर कायदेशीर पैज लावायची सोय झाली. आपल्याकडे महालक्ष्मीला घोड्यांवर लावतात तसं, फक्त इथे घोड्याऐवजी माणसं. नफा स्थानिक प्रशासनाला. हे इतकं चाललं की आज देशभर चाळीसहून जास्त ट्रॅक आणि दोन हजारांवर परवानाधारक व्यावसायिक रायडर आहेत. त्यांची स्वतंत्र शाळा आहे, कडक शिस्तीची, तिथून पास झाल्याशिवाय परवाना नाही. दर वर्षीच्या ३० डिसेंबरला होणाऱ्या केइरिन ग्रांप्रीच्या विजेत्याला दहा कोटी येनहून जास्त मिळतात.

म्हणजे मजबूत मांड्यांच्या अठरा वर्षांच्या जपानी पोरापुढे दोन रस्ते. एक, देशातच राहायचं, केइरिन शाळेत जायचं, चाळिशी ओलांडेपर्यंत चांगली कमाई करायची. दोन, भाषा येत नसलेल्या देशात खोली भाड्याने घ्यायची, गावठी शर्यतींत मागे राहायचं, आणि सगळं नीट झालं तर पाच-सहा वर्षांनी कुणाच्या तरी बाटल्या वाहायच्या. तुम्ही काय निवडाल?

केइरिनने जपानला जागतिक दर्जाचे रायडर दिले नाहीत असं अजिबात नाही. कोइची नाकानोने १९७७ ते १९८६ सलग दहा वेळा जागतिक स्प्रिंट विजेतेपद मिळवलं. पण ते ट्रॅकवर, काही मिनिटांच्या शर्यतीत. २१ दिवस डोंगर चढणारं शरीर वेगळं असतं आणि ते घडवणारी शाळा जपानमध्ये नाही. देशात रोड रेस होत नाहीत असं नाही, उत्सुनोमियाची जपान कप १९९२ पासून होते आणि तिला भरपूर गर्दी असते. पण रस्ते बंद करून शर्यत भरवायची म्हणजे परवानग्यांचा डोंगर. म्हणून सवयीने, दर रविवारी, पोराटोरांसाठी होणाऱ्या शर्यती युरोपाइतक्या नाहीत.

जे पुण्यातल्या वाचकांना सांगायला नको. एका शर्यतीसाठी रस्ते बंद झाले की काय होतं ते तुम्ही जानेवारीत पाहिलंय.

आणि आता तर जागाही कमी

२०१७ नंतर टूर दी फ्रान्समध्ये जपानी रायडर दिसलेला नाही. २०१८ ते २०२५, आठ वर्षं. फक्त ‘पुढची पिढी कमी पडली’ असं म्हणून हा विषय संपत नाही. मधल्या काळात नियम बदलले.

पहिला बदल साधा गणिताचा. २०१७ पर्यंत टूरमध्ये प्रत्येक संघाचे नऊ रायडर असायचे. २२ संघ, १९८ रायडर. २०१८ पासून सुरक्षेसाठी आठ केले. १७६. एका झटक्यात २२ जागा गेल्या. संघातून एक माणूस कमी करायचा झाला तर कोण जाईल? लीडर नाही, स्प्रिंटर नाही. नववा जो असतो तोच, बाटल्या आणणारा.

दुसरा बदल गुणांचा. यूसीआय, म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना, आता तीन वर्षांच्या गुणांवरून ठरवते की कोणते संघ सर्वोच्च श्रेणीत राहणार आणि कोणते खाली जाणार. २०२० ते २०२२ या पहिल्या फेरीत प्रत्येक संघाच्या पहिल्या दहा रायडरचे गुण धरले, २०२३ पासून वीसचे. खाली गेलात तर टूरचं हमखास तिकीट जातं, प्रायोजक पळतो. मग संघ काय करतात? छोट्या शर्यतीत पाचवा-सातवा येऊन चार गुण आणणारा रायडर घेतात. लीडरला २०० किलोमीटर वाऱ्यापासून वाचवून स्वतः १४० वा येणाऱ्याला गुण शून्य.

माझ्या मते आशियाई रायडरसाठी आजची खरी अडचण इथे आहे. अराशिरो ज्या दारातून आत आला ते दार होतं मेहनती मदतनीसाचं. उशिरा सुरुवात केलेला, डोंगरात जगातल्या पहिल्या तिसात न येणारा, पण कधीही न थकणारा आणि कुठलंही काम करणारा. २००९ मध्ये अशा माणसाला फ्रेंच संघात जागा होती. आज त्याच क्षमतेचा चोवीस वर्षांचा पोरगा आला तर त्याला आधी विचारतील, गुण किती आहेत?

बदलाच्या बाजूनेही बोलता येतं. आठजणांमुळे रस्त्यावर गर्दी कमी होते, आणि गुणांमुळे निदान संघांची श्रेणी पैशांऐवजी कामगिरीवर ठरते. दोन्ही रास्त. फक्त याची किंमत कुणी मोजली ते बघितलं पाहिजे.

पुण्यापासून तिथपर्यंत किती पायऱ्या?

पुणे ग्रँड टूर यूसीआयच्या २.२ दर्जाची होती. यातला पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, आणि दुसरा २ म्हणजे दर्जा. त्याच्या वर २.१, त्यावर प्रो सिरीज, त्यावर वर्ल्ड टूर, आणि वर्ल्ड टूरच्या शिखरावर टूर दी फ्रान्स. म्हणजे आपण शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलाय. हे लहान काम नाही. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरवणारी मुंबई-पुणे शर्यत आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण यूसीआयचे गुण देणारी शर्यत घरी होणं वेगळं.

पण जपानकडे या शिडीवरच्या शर्यती कितीतरी वर्षं आहेत. जगातली सर्वात मोठी सुटे भागांची कंपनी आहे. १९९० मध्ये त्यांनी जागतिक स्पर्धा भरवली. ऑलिम्पिकची रोड रेस २०२१ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी झाली, २३४ किलोमीटर, त्यात अराशिरो घरच्या प्रेक्षकांसमोर ३५ वा आला. एवढं असून चारच. त्यामुळे ‘एक शर्यत झाली, आता पाच वर्षांत आपला माणूस टूरमध्ये’ अशा पोस्ट शेअर करण्याआधी थोडं थांबा. शर्यत भरवणं एक, आणि अठराव्या वर्षी कुणाला तरी युरोपात नेऊन तीन-चार वर्षं हरू देणं दुसरं. त्या हरण्याचा खर्च कोण उचलणार हे ठरवावं लागतं. अराशिरोच्या वेळी सुरुवात एका ओळखीच्या रायडरने करून दिली होती.

तो स्वतः लवकर थांबला नाही. २०२२ मध्ये, ३७ व्या वर्षी, तिसऱ्यांदा जपानचा राष्ट्रीय विजेता झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये एकूण नव्वद रायडर होते आणि जपानला पुरुषांत एकच जागा मिळाली होती. ती त्यालाच गेली. त्याचं चौथं ऑलिम्पिक, वय ३९. त्यानंतर बहरीनचा करार संपला आणि २०२५ चा मोसम त्याने सोल्युशन टेक-व्हिनी फँटिनी या दुसऱ्या श्रेणीतल्या इटालियन संघातून केला.

टूर दी फ्रान्सची त्याची शेवटची हजेरी २३ जुलै २०१७ ची. त्या दिवशी शाँझेलिजेवर १६७ रायडर पोचले. क्रमांक १०९, युकिया अराशिरो, जपान.